सगळ्यांनी मिळून चालवायची खेळसाधने: कोकणातील शाळांसाठी मार्गदर्शन

शाळेला खेळाचे साहित्य द्यायचे ठरले की पहिले नाव झोपाळ्याचे आणि दुसरे घसरगुंडीचे निघते. देणाऱ्याची भावना चांगलीच असते. पण मधल्या सुट्टीत त्या साधनांपाशी थोडा वेळ थांबून पाहिले, तर एक मूल झोके घेत असते, एखादे त्याला ढकलत असते आणि बाकीची मुले आपली पाळी कधी येईल याची वाट पाहत उभी असतात. मैदानी खेळांतही वेगळ्या रीतीने हेच घडते. लगोरीत किंवा लंगडीत बाद झालेले मूल कडेला जाऊन बसते, आणि सर्वांत आधी बाद होणारे मूल बहुधा तेच असते, ज्याला धावण्याचा सराव सर्वांत कमी आहे. ज्याला हालचालीची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला बसणे अधिक येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारी हालचाल त्यात असावी. या साठ मिनिटांपैकी काही भाग शाळेतच भरून निघायचा असेल, तर मैदानावर उभ्या राहणाऱ्या मुलांची संख्या कमी करणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. सहकारी खेळसाधने, म्हणजे सर्वांनी मिळूनच चालवायची साधने, त्यासाठीच आहेत. ती कशी आखावीत, कशापासून बनवावीत आणि कशी पारखावीत, हे शिक्षकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आणि गावातील हौशी तरुणांसाठी येथे क्रमाने मांडले आहे. सुतारकामाचा किंवा शिवणकामाचा पूर्वानुभव नसला तरी चालेल. गावात तो अनुभव असलेली माणसे असतातच.

आधी मैदान आणि मुले पाहावीत

काहीही बनवण्यापूर्वी आठवडाभर मधली सुट्टी आणि खेळाचा तास नुसता पाहावा. दर दोन मिनिटांनी मैदानाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवावी आणि वहीत तीन आकडे लिहावेत: किती मुले बसलेली किंवा उभी आहेत, किती चालत आहेत आणि किती धावत, उड्या मारत किंवा काहीतरी ओढत-ढकलत आहेत. मुलगे आणि मुली यांची नोंद वेगळी ठेवल्यास पुष्कळदा असे दिसते की मैदानाचा मधला भाग मोठ्या वर्गातील मुलग्यांकडे असतो आणि मुली पायरीवर किंवा भिंतीच्या कडेला असतात. ही वही जपून ठेवावी. साधन तयार झाल्यावर ते उपयोगी पडले की नाही, हे हीच वही सांगणार आहे.

याच आठवड्यात जमीनही पाहून घ्यावी, कारण कोकणात साधनाचा आकार पुष्कळ अंशी जमीन ठरवते. सड्यावरच्या शाळांची मैदाने कातळाची असतात. तेथे खांब पुरता येत नाही आणि जांभ्यावर पडलेल्या मुलाचे गुडघे सोलवटून निघतात. खलाटीतल्या, म्हणजे खालच्या सखल भागातल्या, शाळेचे अंगण मातीचे असते, पण पावसाळ्यात ते शेवाळून निसरडे होते. किनाऱ्यालगतच्या शाळांना पुळण जवळ असते. मऊ वाळूत प्रत्येक पावलाला जास्त जोर लागतो आणि पडले तरी इजा कमी होते, म्हणून ओढण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या खेळांसाठी पुळण उत्तम. या तिन्ही प्रकारच्या जागांचा विचार करता माझे स्पष्ट मत असे आहे की नवशिक्याने जमिनीत काहीही कायमचे रोवू नये. उचलून नेता येणारी आणि पावसात पडवीत आणता येणारी साधनेच आधी करावीत.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील वाड्यांवरच्या पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत पटसंख्या वीसच्या आत असते आणि पहिली ते चौथीची मुले एकत्र खेळतात. सहा वर्षांचे मूल आणि दहा वर्षांचे मूल समोरासमोर स्पर्धेला उभे केले तर निकाल आधीच ठरलेला असतो. दोघांनी एकच साधन धरले तर मात्र दोघांनाही काम मिळते. मोठ्या शाळांच्या तुलनेत अशा छोट्या शाळांना सहकारी साधने अधिक मानवतात.

साधनाच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी अशी की ते साधन एकट्या मुलाला चालवता येऊ नये. दुसरी, ते चालू असताना गटातील प्रत्येक मुलाच्या पायांना काम असावे. नुसते हात हलत असतील तर ती गंमत होते, व्यायाम फारसा होत नाही. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे: चूक झाल्यावर कोणी बाहेर जाऊ नये. चेंडू पडला तर सर्वांनी मिळून पुन्हा सुरुवात करावी, आणि कोणाच्या हातून पडला हा प्रश्न नियमातच उद्भवू नये.

तिसरी कसोटी आपल्या मुलांना नवी नाही. साखळीच्या खेळात पकडला गेलेला बाद होत नाही, तो साखळीला जोडला जातो आणि खेळ शेवटपर्यंत वाढत जातो. संगीत खुर्चीचेही असेच रूपांतर करता येते. १९७० च्या दशकात कॅनडातील क्रीडामानसशास्त्रज्ञ टेरी ऑर्लिक यांनी सहकारी खेळांचा हिरिरीने पुरस्कार केला. त्या पद्धतीच्या संगीत खुर्चीत दर फेरीला खुर्ची कमी होते, मूल मात्र कमी होत नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी एकमेकांना सामावून घ्यायचे असते. लगोरीत दोन पक्षांऐवजी सगळा वर्ग एका बाजूला ठेवून, दगड विखुरल्यापासून पुन्हा रचेपर्यंत लागणारा वेळ मोजला आणि उद्या तो कमी करायचे ठरवले, तरी पुरे. खो-खो, लंगडी, आट्यापाट्या यांची जागा घेण्याचा हा प्रयत्न नाही. ते खेळ आपापल्या जागी हवेतच. ज्यांना त्यांत नेहमी कडेला बसावे लागते, त्यांच्यासाठी काहीतरी हवे, एवढाच मुद्दा आहे.

सामग्री

खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. रंगाखाली गंज धरतो आणि पाइप बुडाशी आतून पोकळ होतो, ते वरून दिसतही नाही. म्हणून शक्य तेथे लोखंड टाळावे आणि स्क्रू लागलेच तर स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्यावेत. काठ्यांसाठी माणगा जातीचा बांबू उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो आणि सहसा फुटत नाही. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्टमय अंश कमी असतो, त्यामुळे त्याला भुंगा कमी लागतो. वहाळाच्या वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी पद्धतही याच कारणाने उपयोगी आहे. पेरे तासून आणि काचकागद मारून गुळगुळीत करावीत, म्हणजे मुलांच्या हातांत कुसळे जाणार नाहीत.

काथ्याचा सुंभ बांधण्यासाठी चांगला. ओढण्यासाठी मात्र तो घेऊ नये, तो तळहात सोलतो. ओढायला मच्छीमारांकडचा जाड नायलॉनचा किंवा प्लॅस्टिकचा रस्सा घ्यावा. जुनी जाळीही बंदरावर सहज मिळतात, पण ती घेताना दोन गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. बारीक तंगुसाचे, म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याचे, जाळे बोटे कापते, म्हणून जाड दोऱ्याचेच घ्यावे. आणि जाळ्याच्या खालच्या कडेला ओवलेले शिशाचे तुकडे एकही न ठेवता काढून टाकावेत. शिसे हा विषारी धातू आहे आणि लहान मुलांना तो विशेष अपायकारक असतो. त्यानंतर जाळे गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवावे.

किनाऱ्यावरची वाळू मात्र उचलून आणू नये. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार तेथून वाळू काढण्यास मनाई आहे. पुळणीवर मुलांना घेऊन जाता येते, पुळण शाळेत आणता येत नाही.

पैशांचा प्रश्न येतोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार खेळसाहित्य यांचा उल्लेख आहे. समग्र शिक्षा योजनेत खेळ आणि शारीरिक शिक्षणासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५००० रुपयांपर्यंत आणि उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली आहे. कापड, जाळे आणि जुना रस्सा गावातून मिळाला, तर पुढे दिलेली साधने या रकमेच्या आत बसवता येतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यातच शिंपी, सुतार आणि मच्छीमार शोधावेत आणि बैठकीत ठराव करून काम वाटून द्यावे.

पहिले साधन: पन्हळ

नवशिक्याने सुरुवात याच साधनापासून करावी. ते स्वस्त आहे, एका दुपारी तयार होते आणि तिन्ही कसोट्यांना उतरते. वाडीत पाणी फिरवण्यासाठी पोफळीच्या चिरलेल्या खोडाच्या पन्हळी लावण्याची रीत आपल्याकडे आहेच. येथे पाण्याऐवजी चेंडू वाहतो आणि पन्हळ मुलांच्या हातांत असते.

पोफळीचे सरळ, वाळलेले खोड मिळाले तर ते उभे चिरून आतला भुसभुशीत भाग कोरून काढावा आणि ६० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. ते नसेल तर सांडपाण्याचा चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून तेवढ्याच लांबीचे अर्धगोल तुकडे करावेत; तीन मीटरच्या एका पाइपातून असे दहा तुकडे निघतात. कडा कानशीने घासून बोथट कराव्यात आणि त्यांवर सायकलची जुनी ट्यूब लांबीत कापून बसवावी, म्हणजे पकडही चांगली मिळते. त्यातून टेनिसचा चेंडू सहज घरंगळतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तुकडे ४५ सेंटिमीटरचे करावेत.

खेळ असा. प्रत्येक मुलाने एक तुकडा धरावा आणि सर्वांनी टोकाला टोक लावून रांगेत उभे राहावे. पहिल्याच्या पन्हळीत चेंडू सोडावा. तो आपल्या पन्हळीतून पुढे गेला की त्या मुलाने धावत रांगेच्या पुढच्या टोकाला जाऊन उभे राहावे. अशी रांग पुढे पुढे सरकते आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या बादलीत चेंडू पोहोचतो. चेंडू हाताने अडवायचा नाही, पन्हळ वरखाली कलती करूनच त्याचा वेग सांभाळायचा. पडला तर सर्वांनी मिळून सुरुवातीच्या रेषेवर परत यायचे.

गट किती मुलांचा असावा, हा येथे आखणीचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर साध्या गणिताने काढता येते. बारा मुलांची रांग असेल, तर मागच्या मुलाला बारा तुकड्यांचे अंतर कापायला चेंडूने अकरा तुकडे ओलांडण्याइतका वेळ मिळतो, म्हणजे त्याला जवळजवळ चेंडूच्याच वेगाने जावे लागते. चौघांच्या रांगेत चार तुकड्यांचे अंतर कापायला चेंडूने तीन तुकडे ओलांडण्याइतकाच वेळ मिळतो. त्याला चेंडूपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक वेगाने धावावे लागते, आणि एकदा पोहोचला की लगेच पुन्हा धावण्याची पाळी येते. एकूण अंतर दोन्हीकडे सारखेच, परंतु लहान गटात उसंत मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी नियम समजेपर्यंत आठ-दहा मुलांची रांग करावी आणि पुढे गट चार-पाचांचे करावेत. दोन गट शेजारी खेळवले की मुले आपोआप शर्यत लावू पाहतात. तेव्हा दोन्ही गटांचे चेंडू एकाच बादलीत पाडायला सांगावे आणि पाच मिनिटांत दोघांचे मिळून किती चेंडू पोहोचले तेवढेच मोजावे.

चाकाच्या खुर्चीवरील मूल मांडीवर पन्हळ आडवी धरून या रांगेत पूर्ण भाग घेऊ शकते. एखाद्या मित्राने खुर्ची ढकलल्यास दोघांचीही धावाधाव होते. कमी दिसणाऱ्या मुलासाठी घुंगरू घातलेला चेंडू वापरावा. पीव्हीसीच्या पन्हळीतून येणाऱ्या चेंडूचा आवाजही त्याला पुरेसा इशारा देतो.

दुसरे साधन: मोठे कापड

चार मीटर व्यासाचे गोल कापड घेऊन मुलांनी त्याची कड धरायची, हे साधन जगभर वापरले जाते आणि ते पॅराशूटच्या कापडापासून सुरू झाले. आपल्याकडे ते जुन्या सुती साड्यांचे करावे. चार मीटर व्यासाचा परीघ साडेबारा मीटरपेक्षा थोडा जास्त भरतो. प्रत्येक मुलाला ६० सेंटिमीटर कड दिली तर एका कापडाभोवती वीस मुले मावतात, म्हणजे लहान शाळेचा संपूर्ण पट.

शिवण्याची सोपी पद्धत अशी: चार साड्यांचे सव्वाचार मीटर लांबीचे तुकडे शेजारी शेजारी दुहेरी शिवणीने जोडावेत, मध्यभागी खिळा रोवून दोन मीटर सुतळीने वर्तुळ आखावे, शिवणीसाठी चार बोटे बाहेर सोडून कापावे आणि कडेला नेफा दुमडून त्यातून बोटाएवढ्या जाडीची सुती दोरी ओवावी. प्रत्येक साडीच्या उरलेल्या तुकड्याच्या पट्ट्या जोडांवर अस्तर म्हणून लावाव्यात, कारण कापड फाटते ते जोडावरच. मध्यभागी वीतभर व्यासाचे भोक ठेवून त्याची कड पक्की शिवावी. त्यातून हवा जाते, नाहीतर किनाऱ्यावरच्या वाऱ्यात कापड पहिली-दुसरीच्या मुलांना आवरत नाही. पकडण्यासाठी कडेला फासासारखे बंद लावण्याचा मोह होतो. ते लावू नयेत, मनगट अडकते. दोरी ओवलेली जाड कड मुठीत धरणे पुरेसे आहे.

या साधनाची उणीवही सांगितली पाहिजे. नुसते कापड हलवून त्यावर चेंडू नाचवला तर मुले खूश होतात, पण पाय जागीच राहतात आणि दुसरी कसोटी हुकते. म्हणून प्रत्येक खेळात जागा बदलणे घालावे. सर्वांनी एकदम कापड डोक्यावर उचलले की ते छत्रीसारखे फुगून काही क्षण वर राहते. तेवढ्यात शिक्षकांनी पुकारावे, ‘जूनमध्ये जन्मलेले!’ किंवा ‘आज होडी पाहिलेले!’, आणि त्या मुलांनी कापडाखालून धावत समोरच्या बाजूला जावे. दुसरा प्रकार असा की सर्वांनी एका हाताने कड धरून गोल पळावे आणि शिट्टीसरशी दिशा बदलावी. दहा मिनिटे असे खेळल्यावर मुलांची बोलण्याची पद्धत ऐकावी: बोलता येते पण गाता येत नाही, अशी अवस्था असेल तर हालचाल मध्यम तीव्रतेची आहे, दोन शब्दांनंतरच धाप लागत असेल तर ती तीव्र आहे.

तिसरे साधन: रापण

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या मुलांना रापण समजावून सांगावी लागत नाही. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ते ओढत ओढत एकमेकांच्या जवळ यायचे, हीच त्या मासेमारीची रीत. रस्सीखेचीत दोन गट परस्परांविरुद्ध जोर लावतात. येथे दोन्ही गटांचा जोर एकाच ओझ्यासाठी असतो.

ट्रकचा एक जुना टायर घ्यावा, त्याला दोन ठिकाणी दहा-दहा मीटरचे रस्से बांधावेत आणि आत मातीने भरलेल्या पाच-पाच किलोच्या पिशव्या ठेवाव्यात. रस्सा सुमारे २० ते २५ मिलिमीटर जाडीचा असावा. त्याहून बारीक रस्सा बोटांत रुततो. ओझे असे जुळवावे की दोघांना ते हलू नये, चौघांना जेमतेम हलावे आणि सहा जणांनी ओढल्यास चालत राहावे. एक पिशवी काढणे आणि घालणे यांतच हे साधन प्रत्येक वयाला बसते. दोन रांगा दूर उभ्या असतील तर ओझे जड लागते आणि जवळ आल्या की हलके होते, हे मुलांना हातांनी कळते. मोठ्या वर्गांत बलांच्या पाठाला याचा उपयोग करता येईल. ओझे पुळणीवर किंवा गवतावरच ओढावे, कातळावर नाही.

येथे एक नियम कोणत्याही कारणाने मोडू देऊ नये: रस्सा हाताला, मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. ताणलेला रस्सा अचानक सुटला किंवा तुटला तर गुंडाळलेली बोटे जायबंदी होतात. रस्सीखेचीत असे गंभीर अपघात झालेले आहेत. मुलांच्या हाती देण्यापूर्वी गावातील चार-सहा दणकट माणसांनी तो रस्सा पूर्ण जोराने ओढून पाहावा.

आणखी दोन

कडेला मुठीत धरता येईल एवढा जाड दोर असलेले दीड-दोन मीटरचे जाळे चौघांनी धरून त्यातून चेंडू उडवायचा आणि समोरच्या चौघांनी आपल्या जाळ्यात झेलायचा, हा खेळ तिसरीपासून पुढे चांगला रंगतो. दोन लांब फळ्यांवर चौघांनी एकामागे एक उभे राहून पावले मिळवत चालायचे, हेही करून पाहण्यासारखे आहे: फळी २.४ मीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड, दर ६० सेंटिमीटरला हातात धरायची दोरी. पाय मात्र फळीला कधीही बांधू नयेत, आणि हलके लाकूड घ्यावे. सुरूची फळी मुलांना उचलवत नाही.

पारखणे

साधन मुलांच्या हाती दिल्यावर पहिले दोन-तीन दिवस शिक्षकांनी शक्य तितके कमी बोलावे. नियम दोन वाक्यांत सांगावेत आणि बाजूला राहून पुन्हा तीच वही उघडावी. दर दोन मिनिटांनी तीच नजर, तेच तीन आकडे. उभ्या राहणाऱ्यांची संख्या पहिल्या आठवड्यापेक्षा कमी झाली नसेल, तर साधन कितीही सुबक असले तरी आखणी बदलावी लागेल: गट लहान करावेत, तुकडे वाढवावेत, अंतर वाढवावे. तिसरी-चौथीची मुले हे आकडे स्वतः मोजू शकतात आणि त्यांचा स्तंभालेख काढू शकतात. आपल्याच खेळाचा आलेख काढताना ती ज्या गांभीर्याने मोजतात, ते पाहून फार समाधान वाटते.

या साधनांकडून किती अपेक्षा ठेवावी, याची कल्पना ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासावरून येते. सिडनीच्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर टायर, खोकी यांसारख्या सुट्या, टाकाऊ वस्तू ठेवल्यावर सुट्टीतील मुलांची हालचाल वाढली. ती वाढ मोठी नव्हती, पण खरी होती. रोजच्या रोज मिळणारी अशी थोडी वाढ वर्षभरात पुष्कळ होते. सुट्या वस्तूंचा हा विचार जुना आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे १९४३ मध्येच मुलांसाठी टाकाऊ सामानाचे मैदान उघडले होते.

मुले नियम बदलतील. बदलू द्यावेत, आणि प्रत्येक बदल तीन कसोट्यांवर तपासावा. पन्हळीच्या खेळात मुलांनी उलटे चालण्याची किंवा एका पायावर लंगडत पुढे जाण्याची भर घातली तर उत्तमच. ‘ज्याच्याकडून पडेल तो बाहेर’ असा नियम कोणी आणला तर मात्र शिक्षकांनी थांबवावे आणि त्याऐवजी काय करता येईल हे मुलांनाच विचारावे.

सुरक्षितता, ऊन आणि पाऊस

कोणत्याही साधनावर मुलाचे पाऊल जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीच्या वर जाऊ नये. मग खाली मऊ थर अंथरण्याचा खर्चिक प्रश्न उरत नाही. चौकटी किंवा शिड्या बनवल्यास त्यांतील मोकळी जागा ९ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यान नसावी, कारण त्या मापाच्या फटीतून लहान मुलाचे धड सरकते आणि डोके अडकते. साधनाभोवती सुमारे दोन मीटर जागा मोकळी ठेवावी. गळ्यातील ओळखपत्राची फीत आणि ओढणी खेळापूर्वी काढून ठेवायला सांगावी.

मार्च ते मे या काळात दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. त्या महिन्यांत खेळ सकाळी पहिल्या तासाला घ्यावा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी द्यावे. पावसाळ्यात कापड आणि पन्हळ पडवीत किंवा मोकळ्या वर्गात आणता येते. तेथे धावण्याऐवजी पन्हळीची रांग वळणावळणाची करून बाकांमधून न्यावी, म्हणजे चालणे, वाकणे आणि ओणवे होणे भरपूर होते.

साहित्य जमिनीवर ढीग करून ठेवू नये. ढिगाखाली विंचू आणि फुरसे आश्रय घेतात, आणि जांभ्याच्या प्रदेशात फुरसे दुर्मीळ नाही. कापड, जाळे आणि रस्से खुंटीला टांगावेत, पन्हळी फळीवर रचाव्यात, आणि मुलांनी हात घालण्यापूर्वी मोठ्या माणसाने काठीने हलवून पाहावे. टायरला खालच्या बाजूने चार-पाच भोके पाडावीत. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात. पुळणीवरून आणलेले प्रत्येक साधन गोड्या पाण्याने धुऊनच आत घ्यावे.

मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी आणि दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर, अशी वर्षातून दोनदा तपासणी समितीच्या एका सदस्याने करावी आणि नोंद ठेवावी. कापडाचे जोड ओढून पाहावेत, पन्हळीच्या कडांवरून हात फिरवावा, टायरमधून तार बाहेर आली आहे का ते पाहावे. रस्सा उन्हाने पांढरट पडला असेल, त्याचे तंतू चुरून हाताला लागत असतील किंवा एखादा पीळ तुटला असेल तर तो त्याच दिवशी वापरातून काढावा. काढलेला रस्सा अखंड ठेवू नये, कारण कोणीतरी तो पुन्हा ओढायला घेतोच. त्याचे हातभर लांबीचे तुकडे करून ते मैदानावर हद्दीच्या आणि सुरुवातीच्या रेषेच्या खुणांसाठी वापरावेत.